टोपीवाल्याचा संन्यास

ज्या वर्षी माझ्या मुलीचं, अरेतीचं, लग्न ठरलं, त्याच वर्षी मी मेलो. सृष्टीचं सहा हजार नऊशे त्रेचाळिसावं वर्ष. आम्ही रोमी लोक वर्षं जगाच्या उत्पत्तीपासून मोजतो. लहान आकड्यात आमचं भागत नाही. साखरपुडा मे महिन्यात झाला, आणि जुलैत, प्लेगच्या ऐन भरात, माझ्या काखेत गाठ आली.

मी टोप्या करत असे. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात कोण कुणाच्या पुढे उभं राहणार हे टोपीवरून ठरतं. रंग कुठला, कड किती रुंद, जरीकाम कुठवर, पुढच्या बाजूला सम्राटांचं चित्र उभं की बसलेलं, सगळ्याला नियम आहेत आणि ते मला झोपेत पाठ होते. माझ्या आजोबांच्या वेळी साम्राज्याला प्रांत होते आणि टोप्या साध्या होत्या. वडिलांच्या वेळी प्रांत गेले आणि जरीकाम आलं. माझ्या वेळेपर्यंत साम्राज्य म्हणजे एक तटबंदी, तटबंदीच्या आत ओसाड पडलेले मोहल्ले आणि त्यांच्यात पेरलेला गहू, आणि दूर दक्षिणेला एक तुकडा, एवढंच उरलं होतं. टोप्या मात्र अशा झाल्या होत्या की दारातून आत येताना माणसाला वाकावं लागे. पलीकडच्या किनाऱ्यावरचे फिरंगी याला ऱ्हास म्हणायचे. आमच्या धंद्यात याला तेजी म्हणत.

गाठ आली तेव्हा माझ्या साच्यावर किर, म्हणजे श्रीमंत, गावरास यांची टोपी होती. गावरास हे आरमाराचे द्वितीय उपाधिपती. आरमारात तेव्हा जहाजं तीन होती आणि अधिपती-उपाधिपती मिळून पाच. नाताळच्या सोहळ्यात त्यांना पहिल्यांदाच लाल टोपी घालून उभं राहायचं होतं. तिची एक बाजू झाली होती, दुसरी व्हायची होती.

आता आमची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे शहाणा माणूस जन्मभर मटण खातो, संसार करतो, शेजाऱ्याशी भांडतो, आणि शेवटच्या तासाला मुंडन करून संन्यास घेतो. नवं नाव, काळा झगा, डोक्यावरून पाठीवर लोंबणारी काळी कुंची. मग मरतो तो साधू म्हणून मरतो, आणि वर गेल्यावर त्याला चाळीस वर्षं नुसते वाल खाल्लेल्या साधूंच्या रांगेत घेतात. सम्राटसुद्धा हेच करत आलेत. त्या चाळीस वर्षं वाल खाल्लेल्यांना काय वाटत असेल, ते कुणी विचारलेलं नाही. अट एकच असते, की यानंतर लगेच मरायचं. ती कुठल्या पोथीत लिहिलेली नाही, कारण ती कुणी मोडेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सोमवारी दुपारी मी बरळायला लागलो. माझा मेहुणा फोतियोस धावत डाळिंबाच्या मठात गेला आणि मठाधिपती निफोन महाराजांना घेऊन आला. मुंडनाचा विधी असा असतो, की महाराज कात्री खाली ठेवतात, आणि संन्यास घेणाऱ्याने ती उचलून स्वतःच्या हाताने त्यांना द्यायची. तीन वेळा. नंतर कुणी म्हणू नये की मला धरून बांधून मुंडलं. मला त्यातलं आठवतं ते असं, की मी दुकानात आहे आणि कुणीतरी वेंधळा कारागीर सारखी कात्री पाडतोय. त्याच्या आईवरून मी काहीतरी पुटपुटलो म्हणे. निफोन महाराजांनी ते स्तोत्र समजून मान डोलावली.

आणखी एक आठवतं. माझ्या हातात टोपीच्या भिजल्या लोकरी नमद्याइतकाही जोर नव्हता. कात्री उचलली जात होती ती माझ्या बायकोच्या, थोमाईसच्या, हाताने. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती होती. ती गार होती, म्हणून लक्षात राहिली.

बुधवारी सकाळी गाठ फुटली आणि मी डोळे उघडले. उशाशी एक तरुण साधू बसला होता.

"थोमाईस," मी म्हणालो, "खारवलेला बांगडा आहे का घरात?"

साधू दचकून उभा राहिला. मग त्याने स्वतःला सावरलं. "आज बुधवार आहे, साव्वास. उपासाचा वार."

"साव्वास कोण?"

"तुम्ही."

मी डोक्याला हात लावला. डोकं होतं, केस नव्हते.

थोमाईस दारात आली. तिने मला बघितलं, हातातली परात खाली ठेवली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती हसली नाही, रडली नाही. मला तेव्हा वाटलं, आनंदाने बसली. बायकोच्या बाबतीत मला जे जे वाटलं ते बहुतेक असंच असायचं.

फोतियोस आला तो मात्र मनापासून हसला. तो पलीकडे गलात्यात फिरंग्यांच्या गोदामात दलाली करायचा आणि हसण्यात त्यांच्यासारखाच मोकळा होता.

"दाजी, तुम्ही गेलात!"

"मी इथे आहे."

"हे शरीर झालं. कायद्याने तुम्ही गेलात. लग्न मोडलं, घर अरेतीचं, दुकान ताईचं. तुम्ही म्हणजे आता साव्वास. साव्वासला कुणी नाही."

"मग बांगडा कुणाच्या घरात मागतोय मी?"

"तेच तर. परक्या बाईच्या घरात अंथरुणावर पडलाय. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते दोन दिवसांत कळलं. कुणी हे विचारलं नाही, की बरा झालेला माणूस आपल्या घरी का राहू नये. सगळ्यांनी विचारलं की हे कुठल्या नियमाखाली बसतं. कोपऱ्यावरच्या मेणबत्तीवाल्याने एक नियम सांगितला, पाववाल्याने त्याच्या विरुद्ध जाणारा सांगितला, आणि दोघे माझ्या दारात पहाटेपासून भांडले. आमच्या शहरात पाणी कमी आहे. धर्मशास्त्राची टंचाई कधी पडली नाही. अरेतीच्या सासरचा निरोप आला तो आणखी नेमका होता: मुलीचे वडील आहेत की नाहीत एवढं कळवा. नसतील तर लग्नाआधी वर्षभर सुतक पाळू. असतील तर मग त्यांना बाप म्हणायचं की महाराज, तेही कळवा.

शुक्रवारी निफोन महाराज स्वतः आले. लहान चणीचा, गोड बोलणारा म्हातारा.

"चल, साव्वास."

"महाराज, चूक झाली. मी मरणार होतो, म्हणून..."

"आपण सगळेच मरणार आहोत, बाळा. तू जरा उशिरा."

"मला बायको आहे."

"होती."

त्यांचा लोभ मला नंतर कळला, आणि खरं सांगायचं तर मला तो समजला. डाळिंबाचा मठ साठ साधूंसाठी बांधलेला. उरले होते पाच. आमच्याकडे स्तोत्रं दोन रांगांत म्हणतात. एका रांगेने एक ओळ, दुसरीने पुढची. गेली अकरा वर्षं ते तीन विरुद्ध दोन असे म्हणत होते, आणि दोनच्या रांगेतल्या एकाला दमा होता. सहावा मिळाला की तीनास तीन. या म्हाताऱ्याला बाकी काही नको होतं.

मी गेलो. आठवड्याभरात उलगडा होईल असं मला वाटलं होतं. मठात छपराचा अर्धा भाग होता, बाकीच्यावरचे शिशाचे पत्रे कुणीतरी आधीच्या काळात विकले होते. पाऊस पडला की आम्ही कोरड्या बाजूला जेवायचो. वाल. मी बावन्न वर्षांचा होईपर्यंत मला एक अक्षर येत नव्हतं. टोपीला अक्षर लागत नाही. आता तीनास तीन करायचे तर मला स्तोत्रं वाचता यायला हवी, म्हणून त्या तरुण साधूने मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं. मी मनात म्हणे, शिकून घेतो, फुकट आहे, आठवड्यात जायचंच आहे.

आठवडे सहा झाले तेव्हा गावरास मठाच्या दारात आले. दारावर पाखोम नावाचा बहिरा साधू बसायचा. त्याला माझं जुनं नाव "स्तामातीस टोपीवाला" असं चार वेळा ओरडून सांगितल्यावर त्याने "तो वारला" असं कळवलं. मी अंगणातून धावत गेलो.

"माझी टोपी!" गावरास म्हणाले. नमस्कार, तब्येत काही नाही.

"अर्धी झालीय, किर."

"अर्ध्या टोपीत उभा राहू? नाताळला पडदा बाजूला होणार, सम्राट वर मंचावर दिसणार, कर्णे वाजणार, सगळे आपापल्या टोपीत, आणि मी बोडका? लोक म्हणतील याला काढून टाकलं!"

"साधूला संसारी माणसाची टोपी शिवता येत नाही. मनाई आहे."

"मग साधू राहू नकोस."

"तेच तर मी सहा आठवडे सगळ्यांना सांगतोय."

गावरास यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तू स्वखुशीने नाही घेतलास?"

मी त्यांना कात्रीचं सांगितलं. मनगटाचंही सांगितलं. आरमाराचे द्वितीय उपाधिपती क्षणभर खरोखर सेनापतीसारखे दिसले.

"मग झालं की! हात दुसऱ्याने उचलला म्हणजे विधीच झाला नाही. तुझ्या बायकोने धर्मसभेपुढे एवढं सांगितलं की तू मोकळा. मी अर्ज घालतो."

तुर्क चालून आले असते तर दरबाराला उत्तर द्यायला दोन महिने लागले असते. प्रश्न टोपीचा होता, म्हणून नऊ दिवसांत तारीख लागली.

सुनावणीच्या आदल्या दुपारी थोमाईस दारात आली. पाखोम मध्ये बसलेला होता, पण तो बहिरा असल्याने नसल्यासारखाच होता.

"उद्या फक्त खरं सांगायचं," मी म्हणालो. "माझा हात तू उचललास."

"हं."

"तिन्ही वेळा."

"हं."

"तिथे 'हं' चालत नाही, शब्दांत सांगावं लागतं."

"सांगेन. जेवता का नीट?"

"वाल."

"वालाने तुमचं पोट धरतं." ती माझ्या डोक्याकडे बघत होती. "केस यायला लागलेत. पांढरे येतायत सगळे."

"घरी आल्यावर काळे होतील."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, लाजली. मी आधीच सांगितलंय मला काय काय वाटायचं ते.

धर्मसभा मोठ्या चर्चच्या वरच्या दालनात भरली. दोन धर्माधिकारी होते, एक जाड आणि एक खोकणारा. खोकणाऱ्याने आधी नऊशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाचा कायदा वाचून दाखवला. त्या सम्राटाकडे इटली होती, इजिप्त होता, आफ्रिका होती. ते सगळं गेलं. कायदा तेवढा आमच्याकडे पुरेपूर उरला.

निफोन महाराजांनी सरळ सांगितलं, की खोलीत अंधार होता, आपली नजर अधू आहे, कात्री तीनदा हातात आली, कुणी दिली ते दिसलं नाही. खोटं बोलले असते तर तिथेच जिंकले असते. पण म्हातारा खोटं बोलणारा नव्हता, नुसता गोड होता.

मग गावरास उभे राहिले. "महाराज, साम्राज्याच्या आरमाराच्या हितासाठी या माणसाला सोडावं."

"आरमाराचा टोपीवाल्याशी काय संबंध?" जाड धर्माधिकाऱ्यांनी विचारलं.

"आता टोपीवाल्याशीच आहे, महाराज."

दालनात कुणी हसलं नाही. इतकं खरं बोललेलं आम्हाला पटकन समजत नाही.

मग थोमाईसला पुढे बोलावलं. तिने ग्रंथावर ओठ टेकले. ती जांभळी ओढणी घेऊन आली होती, अरेतीच्या साखरपुड्याची.

"बाई, शपथेवर सांग. या माणसाने कात्री स्वतः दिली, की त्याचा हात दुसऱ्या कुणी उचलला?"

मी तिच्याकडे बघून मान हलवली. मनात मी घरी पोचलो होतो. चूल कुठल्या बाजूला आहे ते आठवत होतो.

"त्यांनीच दिली," थोमाईस म्हणाली.

"तू हात लावला नाहीस?"

"घाम पुसला होता. पण तो आधी."

"तिन्ही वेळा त्यानेच?"

"तिन्ही वेळा. पहिल्यांदा जरा हात कापला. तिसऱ्यांदा तर पटकन दिली, जशी दुकानात देतात तशी."

खरं बोलणाऱ्याचं 'हं'वर भागतं. तपशील लागतात ते खोट्याला. ती तपशील देत होती.

"खोटं आहे!" मी ओरडलो.

"साधूने ओरडू नये," खोकणारे धर्माधिकारी म्हणाले, आणि त्यांनी लेखनिकाकडे बघितलं. लेखनिक लिहीत होताच. संन्यास विधिवत. अर्ज फेटाळला. निफोन महाराजांनी डोळे पुसले. गावरास जिना उतरून गेले, निरोप न घेता.

थोमाईसला मी बाहेर खांबापाशी गाठलं.

"वेड लागलंय का तुला?"

"हळू बोला. तुम्ही साधू आहात."

"तू केलंस मला साधू! मनगट धरून केलंस! मरणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून केलंस, ते मी समजतो. पण आता? आता तोंड का फिरवलंस?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मंगळवारी मी मिरवणुकीत गेले होते," ती म्हणाली. "तुम्ही इकडे निपचित पडला होतात. देवमातेची तसबीर चौकात आणली तेव्हा मी माणसं ढकलत पुढे गेले. तिला म्हणाले, यांना ठेव. ठेवलंस तर हे तुझे. मी परत मागणार नाही. बुधवारी तुम्ही बांगडा मागितलात."

"मला एका शब्दाने विचारलंस?"

"तुम्ही मेला होतात."

"आणि आत घेतलेली खोटी शपथ?"

"तिचं माझं मी बघेन. ती माझ्या डोक्यावर आहे. शब्द मोडला असता तर ते तुमच्या जिवावर आलं असतं." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुमचे पाय गार झाले होते. मी हाताने चोळत होते आणि ते गारच. तुम्हाला नाही माहीत. मला परत नाही बघायचे ते. नवरा घरात नसला तर चालेल मला. शहरात असावा."

मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. साधूने लिहू नये असं होतं, आणि टोपीवाल्यानेही.

त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी बोललो नाही. फोतियोस अधूनमधून यायचा आणि जखमेवर मीठ टाकून जायचा. "दाजी, मी काही म्हणत नाही. पण दुकान ताईच्या हातात आलंय. गावराससाहेबांची टोपी तिनेच पुरी केली, दोन बायका हाताशी घेऊन. दोन बोटं मोठी झाली, कानांवर येते. साहेब खूश आहेत. म्हणतात, आता कुठे पदाचं वजन वाटतं." मग थोडं थांबून: "मी खरंच काही म्हणत नाही." न म्हणता तो बरंच म्हणायचा, आणि मी वालांना पाणी घालताना ते सगळं पुन्हापुन्हा चघळायचो. दुकानासाठी केलं का हिने? पाववाल्याचं मत हेच होतं. मेणबत्तीवाल्याचं उलट होतं, पण तो पाववाल्याच्या उलट असायचाच.

ती मात्र दर शनिवारी दारात येत राहिली. काहीतरी खायला आणायची, आणि पाखोमशी बोलायची. तो बहिरा, त्यामुळे ओरडणं रीतसर होतं.

"अरेतीचं लग्न रविवारी आहे म्हणून त्यांना सांगा!"

"काय?"

"लग्न!"

"कुणाचं? तुझं?"

"माझं झालंय एकदा! पुरे झालं! मुलीचं!"

"मुलगा झाला?"

"होईल! आधी लग्न होऊ दे!"

मी अंगणातल्या वालाच्या वाफ्यात कुदळ थांबवून ऐकायचो आणि ती थांबली की पुन्हा खणायचो. तिला दिसायचं. लग्नाला मला जाता आलं नाही. साधूने लग्नाच्या पंगतीत बसू नये असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी अरेती आणि जावई दारात येऊन पाया पडले. जावयाने मला महाराज म्हटलं. अरेती बाबा म्हणाली, आणि मग महाराज म्हणाली, आणि मग रडली.

पुढच्या उन्हाळ्यात पाखोम गेला. निफोन महाराजांनी विचारलं, दाराची सेवा कोण घेईल? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. महाराजांना वाटलं माझ्यात नम्रता आली. त्यांच्या समजुतींची जात माझ्याच समजुतींची होती. आमचं जमायचं ते त्यामुळे असेल.

शनिवारी थोमाईस आली तर दारावर मी. ती ओरडायला तोंड उघडून उभी राहिली, मग मिटलं. मी तिच्या हातातलं फडकं घेतलं, सोडलं, एक तुकडा तोंडात टाकला.

"बांगडा खारट झालाय," मी म्हणालो.

"वर्षाने तोंड उघडलंत, आणि हे?"

"खारट झालाय तर काय म्हणू?"

"काही नका म्हणू. खा."

मी खाल्लं. मग विचारलं, "दुकानासाठी केलंस का?"

ती उभ्या उभ्या हसली, इतकं की आतून दम्यावाला साधू बघायला आला. "दुकान तर मी आधीही चालवत होते. तुम्ही नुसत्या टोप्या करत होतात."

त्या दारात आमचा दुसरा संसार अकरा वर्षं चालला. मी आत दगडावर, ती बाहेर पायरीवर, मध्ये उंबरा. नियमाने त्याला भिक्षा म्हणत. तिच्याकडून मला बाहेरचं जग कळायचं. सम्राट पश्चिमेला मदत मागायला गेले तेव्हा बरोबर सातशे माणसं गेली, आणि निम्म्यांच्या डोक्यावर आमच्या दुकानाच्या टोप्या होत्या. दोन वर्षांनी परत आले. येताना सैन्य आणलं नाही. आमचा आणि फिरंग्यांचा धर्म एकच आहे असा कागद आणला. त्यावरून शहरात चुली वेगळ्या झाल्या. पाववाला कागदाच्या बाजूने होता, म्हणजे मेणबत्तीवाला कुठे असेल ते सांगायला नको.

"पण टोप्या त्यांना फार आवडल्या," थोमाईस सांगत होती. "तिकडचे चितारी म्हणे वही घेऊन मागे मागे फिरायचे. उभं राहा, वळा, असं म्हणून चित्रं काढायचे."

"आणि मदत?"

"मदत नाही. चित्रं काढली."

मला तेव्हा हसू आलं. आता वाटतं, तेच खरं असेल. इतक्या शतकांचं साम्राज्य, इतके कायदे, इतके सम्राट, आणि शेवटी कुठल्यातरी फिरंग्याच्या वहीत एक टोपी उरेल, गावरास यांची, दोन बोटं मोठी. खाली नाव नसेल. माझं नाही, थोमाईसचं तर नाहीच.

माझ्या संन्यासाच्या तेराव्या वर्षी, फेब्रुवारीत, एका बुधवारी फोतियोस आला. तो हसत नव्हता.

"दाजी, ताई अंथरुणावर आहे. छातीत भरलंय. वैद्य येऊन गेला. दोन दिवस म्हणतो."

मी निफोन महाराजांकडे गेलो. ते आता नव्वदीला आले होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं. साधूने बाईच्या घरात पाऊल टाकू नये हा नियम मला माहीत होता आणि त्यांना माझ्याहून जास्त.

"महाराज, एक बाई मरणाला टेकली आहे. तिच्याजवळ स्तोत्रं वाचायला कुणी नाही."

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"मरणाऱ्यापाशी वाचायला साधू जाऊ शकतो," ते म्हणाले. "कुठल्याही बाईकडे. घर कुठे आहे तुला माहीत आहे का?"

"विचारत जाईन, महाराज."

"जा. तुझी रांग मी सांभाळतो."

तेरा वर्षांनी मी माझ्या घराच्या दारातून आत गेलो. चूल डाव्या बाजूला होती; मी उजवीकडे आठवत आलो होतो. साच्यावर कुणाची तरी निळी टोपी चढवलेली होती. अरेती आईच्या पायांशी बसली होती. ती उठली आणि मला जागा दिली.

थोमाईसने डोळे उघडले. "परवानगी काढून आलात?"

"काढून."

"मग बसा."

मी पुस्तक उघडलं. अजूनही मी बोट ठेवून वाचतो, एका ओळीला दुसरा माणूस तीन वाचेल. श्वास घ्यायला तिला त्रास होत होता, तरी ती ऐकत होती.

"किती हळू वाचता हो," ती म्हणाली.

"उशिरा शिकलो."

"वाचा. मला घाई नाही."

गुरुवार आणि गुरुवारची रात्र मी वाचलं. मध्ये अरेतीने दिवा बदलला आणि फोतियोसने मला पाणी दिलं. पुस्तक संपलं तेव्हा मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. चर्चच्या वहीत पाद्र्याने तिच्या नावापुढे विधवा असं लिहिलं. मी शेजारी उभा होतो. कायद्याने ते बरोबर आहे.

थोमाईस, स्तामातीस टोपीवाल्याची बायको, सृष्टीच्या सहा हजार नऊशे छपन्नाव्या वर्षी, फेब्रुवारीच्या सोळा तारखेला, शुक्रवारी सकाळी आपल्या घरी वारली.